झालेलं सांगायचं नाहीये, तरी बरं व्हायचंय : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात काउन्सेलिंगवर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या बऱ्याच मेल्समधे एकच गोष्ट होती, की ताई तुमचं सगळं पटलं, पण जे झालं ते मला कुणाला सांगायचंच नाहीये, किंवा सांगायला जाते तर तोंडातून शब्द फुटत नाही, मग माझ्यासारखीने काय करायचं? म्हणून या वेळी फक्त तेच प्रश्न घेतलेत. नावं कुणाचीच दिली नाहीत आणि ओळख लागेल असे तपशील बदललेत.

प्रश्न : ताई नमस्कार. दोन वर्षांपूर्वी घाटात आमच्या गाडीला अपघात झाला. मला आणि मिस्टरांना लागलं, नणंद जागीच गेली. नंतर मी एका काउन्सेलरकडे जायला लागले. बाई स्वभावाने चांगल्या होत्या, पण दर वेळी "त्या दिवशी काय झालं ते परत सांगा" म्हणायच्या. सांगून घरी आले की दोन-दोन रात्री झोप नाही, ब्रेकचा आवाज कानात. शेवटी जायचं बंद केलं. घरचे म्हणतात तू मनावरच घेत नाहीस. न बोलता बरं होणारं काही असतं का? (वय ३४, सातारा)

असतं. आणि तुम्ही मनावर घेतलं नाही हे घरच्यांचं म्हणणं साफ चुकीचं आहे, तुम्ही त्रास होत असूनही परत परत गेलात, याहून जास्त माणूस काय करणार.

बोलताना शब्द का अडतात याचं एक कारण मेंदूत सापडतं. १९९६ साली अमेरिकेत पीटीएसडी (मोठ्या आघातानंतर मागे राहणारा मानसिक आजार) असलेल्या आठ जणांना त्यांच्याच घटनेचं वर्णन ऐकवून मेंदूचं स्कॅनिंग केलं होतं. तेव्हा भीतीशी आणि दृश्यांशी संबंधित भाग जोरात चालू झाले आणि बोलण्याशी संबंधित जो ब्रोका नावाचा भाग आहे तो मंदावला. अभ्यास छोटा होता, आठच माणसं, पण या कामातल्या कुणालाही विचारा, समोरचा माणूस घटनेपाशी आला की तोंडाला कोरड पडते, हात गार पडतात, वाक्य अर्धवट राहतं, हे रोजचं आहे. म्हणजे आठवण शब्दांत कमी आणि आवाज, वास, पोटातला गोळा, आवळलेले खांदे यात जास्त बसलेली असते.

इथे एक गोष्ट नीट सांगते नाहीतर गैरसमज व्हायचा. घटना पुन्हा सांगणं हे मुळात वाईट नाही. ट्रॉमासाठीची (मनावरच्या आघातासाठीची) सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी, किंवा एक्स्पोजर थेरपी, म्हणजे भीतीच्या आठवणीला थोडं थोडं सामोरं जायला शिकवणारी थेरपी, यात ते करतातच आणि त्यांचे पुरावे सगळ्यात भक्कम आहेत. पण तिथे आधी शांत कसं व्हायचं ते शिकवतात, किती सांगायचं, कुठे थांबायचं हे ठरलेलं असतं, आणि सेशन संपताना तुम्हाला भानावर आणून मगच घरी पाठवतात. ही तयारी न करता नुसतं "परत सांगा" म्हणजे जखमेची खपली दर आठवड्याला काढणं. पूर्वी आपत्तीनंतर लोकांना लगेच बसवून एकाच बैठकीत सगळं बोलायला लावायची पद्धत जगभर होती. २००२ मधे त्यावरच्या सगळ्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तर पीटीएसडी टळत नाही आणि काहींचा त्रास उलट वाढतो असं दिसलं, आणि आता तसं करू नका असंच सांगितलं जातं.

तुमच्यासाठी मी आधी ईएमडीआर (डोळे हलवत आठवणीवर काम करायची थेरपी) सुचवेन. फ्रान्सिन शापिरो या मानसशास्त्रज्ञ बाईंना १९८७ साली बागेत चालताना लक्षात आलं की डोळे इकडून तिकडे हलत असताना आपल्या त्रासदायक विचारांची धार कमी होतेय, त्यातून त्यांनी ही पद्धत बसवली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांमधे पीटीएसडीसाठी सीबीटीच्या बरोबरीने ईएमडीआरचं नाव घेतलंय, आणि त्यात स्पष्ट म्हटलंय की घटनेचं बारीकसारीक वर्णन करावं लागत नाही.

प्रत्यक्षात काय होतं? पहिली एक-दोन सेशन्स घटनेला हातच लावत नाहीत. तुमची तब्येत, झोप, औषधं, घरी कोण आहे हे विचारतात, आणि मनातल्या मनात जाता येईल अशी एक निवांत जागा तयार करून घेतात, कुणाची ती माहेरचं परसदार असते तर कुणाची देवळाचा ओटा. मग एका सेशनला त्या दिवसातलं एकच चित्र निवडायचं, समजा समोरून येणाऱ्या ट्रकचा दिवा. ते चित्र डोळ्यांपुढे आणलं की स्वतःबद्दल काय वाटतं (बहुतेक जण "माझ्यामुळे झालं" म्हणतात), शरीरात कुठे जाणवतं, आणि त्रास शून्य ते दहामधे किती, एवढंच विचारतात. मग थेरपिस्टची बोटं डावीकडून उजवीकडे हलतात आणि नजरेने त्यांच्या मागे जायचं, साधारण अर्धा मिनिट. थांबून विचारतात "आता काय येतंय?" तुम्ही "छातीत जड" किंवा "तिची ओढणी" एवढं म्हटलंत तरी चालतं, नुसती मान हलवली तरी चालते. परत सुरू. असं करत करत त्या चित्राचा आकडा खाली येतो. का येतो यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे, एक पटणारं स्पष्टीकरण असं की डोळे हलवणं आणि चित्र धरून ठेवणं ही दोन कामं एकदम करताना मेंदूची जागा अपुरी पडते आणि चित्र फिकं होऊन परत साठवलं जातं. (ऑक्सफर्डच्या एका हॉस्पिटलमधे अपघात होऊन इमर्जन्सीत आलेल्यांना काही तासांच्या आत टेट्रिस हा ठोकळ्यांचा गेम खेळायला दिला होता, २०१७ मधे तो अभ्यास आला, त्या लोकांना पहिल्या आठवड्यात अपघाताची नको ती दृश्यं कमी आली. तर्क तोच. तुमच्या अपघाताला दोन वर्षं झालीत त्यामुळे नुसत्या गेमने काही होईल असं समजू नका.)

एकाच घटनेचा ट्रॉमा असेल तर ईएमडीआरला फार सेशन्स लागत नाहीत. फिट्स येत असतील, डोळ्यांचा काही त्रास असेल, किंवा अधूनमधून आपण कुठे आहोत याचं भानच जात असेल तर ते आधी सांगा. आणि जवळ कुणी ईएमडीआरवालं नसेल तर त्याच काउन्सेलर बाईंकडे जाऊन सांगून बघा, की मला अपघात परत सांगायचा नाहीये, आधी मला अंग शांत करायला शिकवा. हे म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. ज्या थेरपिस्टला हे चालत नाही त्यांच्याकडे परत नाही गेलात तरी काही बिघडत नाही.

प्रश्न : ताई, चिपळूणला २०२१ च्या पुरात आम्ही पूर्ण रात्र माळ्यावर काढली. मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. इतकी वर्षं झाली तरी पाऊस पत्र्यावर वाजायला लागला की खाली उतरत नाही, आणि चित्र काढतो ते एकच, घर, निळं पाणी, वर चार माणसं. विचारलं तर काही बोलत नाही. चित्रं काढू देऊ का थांबवू? (चिपळूण)

काढू द्या. लहान मुलं बोलून नाही, खेळून आणि काढून सांगतात, त्याचं सांगणं चालूच आहे. "हे आपणच का? तुला भीती वाटते का?" असलं काही विचारू नका, शेजारी बसा आणि तुम्हीही कागद घेऊन काहीतरी काढा.

लक्ष एवढ्यावरच ठेवा की चित्र पुढे सरकतंय का. बरं होत असलेलं मूल आज पाणी काढतं, पुढच्या महिन्यात त्यात होडी येते, मग शेजारचे काका येतात. तुमच्याकडे ते अडकल्यासारखं वाटतंय, तर एक दिवस सहज म्हणा, "या चौघांना दोर कोण टाकेल रे?" उत्तर दिलं नाही तर सोडून द्या. त्याच्या मनात प्रश्न पडलाय, कधीतरी दोर येईल कागदावर. खेळण्यातल्या बादलीत घर बुडवणं आणि बाहेर काढणं हा खेळही सांगून बघा, यात बुडवणारा आणि काढणारा तोच असतो, त्या रात्री त्याच्या हातात काहीच नव्हतं.

तेच पावसाळ्याच्या तयारीत करा. मे महिन्यात त्याला सोबत घेऊन एक पिशवी भरा, टॉर्च, सेल, बिस्किटं, कागदपत्रं, आणि पिशवी कुठल्या खुंटीला टांगायची ते त्याला ठरवू द्या. आणि थोडं तुमच्याबद्दल. वाशिष्ठीचं पाणी वाढल्याचे मेसेज व्हॉट्सॅपवर यायला लागले की तुमचाही श्वास वर जात असणार, मुलं आईचं अंग वाचतात. त्या वेळी मोबाईल बाजूला ठेवून दोघांनी मिळून काहीतरी जड काम करा, गाद्या उचला, कणीक तिंबा. खेळणंच थांबलं, अंथरूण ओलं व्हायला लागलं, किंवा शाळेत जाईनासा झाला तर मात्र मुलांसोबत खेळातून काम करणाऱ्या थेरपिस्टला दाखवा, वाट बघू नका.

प्रश्न : मॅडम, माझ्यावर लहानपणी जवळच्या नातेवाइकाने वर्षानुवर्षं अत्याचार केले. आता वय ४१, बायको सोडून कुणाला माहीत नाही. मित्र म्हणतो इगतपुरीला दहा दिवस विपश्यना करून ये, सगळं धुऊन निघेल, बोलावं पण लागत नाही. जाऊ का? (नाशिक)

आधी हे, की तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मनापासून धन्यवाद. पुरुष हे लिहीत नाहीत. केंद्र सरकारने २००७ मधे बाल अत्याचारावर जो मोठा अभ्यास प्रसिद्ध केला त्यात लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगणाऱ्या मुलांमधे निम्म्याहून जास्त मुलगे होते. तुम्ही एकटे नाही आहात.

आता विपश्यना. इगतपुरीच्या केंद्रात, धम्मगिरीला, जाऊन आलेल्या कितीतरी लोकांचं भलं झालंय आणि त्या पद्धतीबद्दल मला आदर आहे. पण तुम्ही आत्ता, थेट दहा दिवसांसाठी जाऊ नका असं मी स्पष्ट म्हणेन. पहाटे चारला घंटा, दिवसाला जवळपास दहा तास बैठक, डोळे मिटलेले, मौन, आणि लक्ष सतत स्वतःच्या शरीरावर. ज्याच्या शरीरावरच अत्याचार झालाय त्याला या सगळ्यात काय काय वर येऊ शकतं विचार करा, आणि आलं तर शेजारी बायको नाही, फोन नाही. तिथले आचार्य ध्यान शिकवतात, ट्रॉमावर उपचार करणं हे त्यांचं काम नाही, आणि म्हणूनच प्रवेश अर्जात मानसिक त्रासाबद्दल विचारलेलं असतं. ते लपवून जाणारे लोक असतात, कृपा करून तसं करू नका. ध्यानातून काहींना जुन्या आठवणींचे लोंढे येतात, झोप उडते, घाबरल्यासारखं होतं, याची नीट नोंद अमेरिकेत ब्राउन युनिव्हर्सिटीच्या विलोबी ब्रिटन यांच्या टीमने केलेली आहे.

मग काय करायचं? शरीराच्या वाटेने जायचं हे तुमच्या मित्राचं म्हणणं बरोबर आहे, फक्त पायऱ्या छोट्या घ्या. २०१४ मधे बेसेल व्हॅन डर कोल्क या ट्रॉमावर काम करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञांच्या गटाचा एक अभ्यास आला, उपचार घेऊनही बऱ्या न झालेल्या ६४ बायका होत्या, अर्ध्यांना आठवड्यातून एक तास असं दहा आठवडे ट्रॉमासाठी बेतलेला योग दिला, बाकीच्यांना आरोग्यशिक्षणाचे वर्ग. शेवटी योगाच्या गटातल्या ५२ टक्के बायका पीटीएसडीच्या निकषांतून बाहेर होत्या, दुसऱ्या गटात २१ टक्के. अभ्यास बायकांवरचा आहे हे खरं, तरी त्यातली रीत बघण्यासारखी आहे. शिक्षक अंगाला हात लावत नाही. "हात वर घ्या" म्हणत नाही, "घ्यावेसे वाटले तर घ्या, नको असेल तर तसंच बसा" म्हणतो. डोळे मिटायची सक्ती नाही. आपल्याकडच्या क्लासमधे सर मागून येऊन पाठ दाबतात आणि सगळ्यांना शवासनात डोळे मिटून झोपवतात, तुमच्यासाठी नेमकं तेच कठीण असणार. म्हणून ज्या क्लासला जाल तिथे पहिल्याच दिवशी बाजूला घेऊन सांगा, की मला हात लावू नका, आणि मी शवासनाऐवजी भिंतीला टेकून डोळे उघडे ठेवून बसेन. कारण सांगायची गरज नाही. जे सर हे सहज ऐकतील ते तुमचे सर.

श्वासाचंही तसंच. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत नागपट्टिनम भागातल्या छावण्यांमधे १८३ लोकांवर योगिक श्वसनाचा अभ्यास झाला होता, २०१० मधे आला, आणि लोकांचा त्रास बराच कमी झाल्याचं त्यात दिसलं. पण तिथे शिकवणारी माणसं सोबत होती. घरी एकट्याने एकदम जोरात कपालभाती-भस्त्रिका सुरू करू नका, श्वास भराभर घेतला की काहींना छाती धडधडून पॅनिक येतो आणि शरीराला वाटतं परत तेच घडतंय. हळू श्वास, सोडणं घेण्यापेक्षा लांब, किंवा भ्रामरी, पाच मिनिटं, पाय जमिनीला टेकलेले, डोळे उघडे. जास्त झालं की थांबायचं, खिडकीतून दिसणाऱ्या गोष्टी मनात मोजायच्या. आणि हे सगळं चालू असताना सोबत एक ट्रॉमाचं काम केलेला थेरपिस्ट असावा, वर्षानुवर्षांचं ओझं एकट्याने क्लासच्या भरवशावर उतरवायला जाऊ नका. पुढे कधी स्थिर वाटलं तर इगतपुरी कुठे पळून जात नाही.

प्रश्न : ताई मी २२ वर्षांची आहे. मागच्या वर्षी ओळखीच्याच मुलाने जबरदस्ती केली. मी ओरडले नाही, ढकललं पण नाही, हातच हलला नाही. त्यामुळे मला वाटतं माझीच चूक. घरी माहीत नाही. मी डान्स करायचे, ते पण बंद केलंय. काउन्सेलरसमोर बसले की घसा बंद. (पुणे)

अगं, तुझी चूक नाही. हे मी धीर द्यायला म्हणत नाहीये, याला शास्त्राचा आधार आहे. स्टॉकहोममधल्या बलात्कारपीडितांसाठीच्या इमर्जन्सी क्लिनिकमधे आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ मधे आला. त्यातल्या ७० टक्के जणींनी सांगितलं की त्या वेळी शरीर मोठ्या प्रमाणात गोठल्यासारखं झालं होतं, हलताच आलं नाही. पळता येत नाही, लढता येत नाही असं मेंदूच्या आतल्या भागाला वाटलं की तो शरीर थिजवून टाकतो, तिथे तुला विचारत नाही. हात न हलणं म्हणजे हो म्हणणं नाही. हे वाक्य वहीत लिहून ठेव.

आणि जे शरीर थिजलं त्याला परत हलायला शिकवणं हाच एक उपचार आहे, म्हणून तुझं डान्स बंद झालंय हे वाचून मला वाईटही वाटलं आणि आशाही वाटली. डान्स मूव्हमेंट थेरपी १९४० च्या दशकात मॅरियन चेस यांनी वॉशिंग्टनच्या एका मनोरुग्णालयात रुजवली. आपल्याकडे कोलकाता संवेद ही संस्था २००४ पासून तस्करीतून सुटलेल्या मुलींसोबत हेच काम करते, आणि मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमधे (टिस) त्यांच्यासोबत या विषयाचा डिप्लोमाही सुरू झाला, त्यामुळे महाराष्ट्रात आता शिकलेली माणसं मिळतात.

यात स्टेप्स नसतात, कुणाला दाखवायचं नसतं. सुरुवात नुसत्या चालण्याने होते. खोलीभर चालायचं, हवं तिथे थांबायचं. थेरपिस्ट समोरून हळूहळू येते आणि तुला जिथे नको वाटेल तिथे तू तळहात पुढे करतेस, ती थांबते. मग तू म्हणशील तर एक पाऊल मागे जाते. एवढंच, पण ज्या मुलीचं "नको" कुणी ऐकलं नाही तिच्यासाठी हा हात पुढे करणं आणि समोरच्याने खरोखर थांबणं खूप मोठं असतं, काही जणी याच ठिकाणी पहिल्यांदा रडतात. मग भिंतीला दोन्ही हातांनी जोर लावून ढकलणं, पाय आपटणं, आवाज काढणं. त्या दिवशी शरीराला जे करायचं होतं आणि करता आलं नाही ते आता थोडं थोडं करू द्यायचं. पुरावे ईएमडीआर किंवा सीबीटीइतके भरभक्कम अजून नाहीत हे सांगून ठेवते, पण घसा बंद होणाऱ्या मुलीसाठी आत शिरायला हे एक चांगलं दार आहे, पुढे बाकीचं करता येतं.

घरी काय करशील? दार लाव, एक गाणं लाव, आणि आवडलं नाही तर मधेच बंद कर. पूर्ण करायचंच असं नाही. एका विश्वासातल्या माणसाला, मैत्रीण असेल किंवा मावशी, एवढंच सांग की माझ्यासोबत वाईट झालंय, तपशील विचारू नकोस, फक्त सोबत राहा. रात्री फार अंधारून आलं, जगू नये वाटलं, तर १४४१६ वर लगेच फोन कर, सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, २०२२ पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. बायकांसाठी १८१ आहे. तक्रार करायची का, कधी करायची हे तू ठरवायचंस, कुणी घाई करत असेल तर त्यांनाही तळहात दाखव.

प्रश्न : नमस्कार मॅडम. आम्ही किल्लारीजवळच्या गावचे. १९९३ च्या भूकंपात माझी आजी आणि मोठी बहीण गेली. पुनर्वसनाच्या घरात येऊन इतकी वर्षं झाली, पण वडील (वय ७१) पावसाळ्यातसुद्धा घरात झोपत नाहीत, ओसरीतच. पहाटे चारच्या सुमाराला दचकून उठतात. गणपती विसर्जनाच्या दिवशी जेवत नाहीत. डॉक्टरकडे चला म्हटलं तर "मला काय येड लागलंय का" म्हणतात. (लातूर जिल्हा)

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. अनंत चतुर्दशीची रात्र, गणपती बोळवून लोक नुकते झोपले होते, आणि दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची माळवदं झोपेतच अंगावर आली. जवळपास दहा हजार माणसं गेली. तुमच्या वडिलांचं अंग ती वेळ, ती तिथी, आणि डोक्यावरचं छप्पर विसरलेलं नाही. हे वेड नाहीच, त्यांना हे याच शब्दांत सांगा, की दादा, तुमचं डोकं ठणठणीत आहे, तुमच्या शरीराला अजून पहाऱ्यावर असल्यासारखं वाटतंय.

ओसरीतलं झोपणं मोडायला जाऊ नका. तिथे त्यांना झोप लागते ना, मग मच्छरदाणी, ताडपत्री, चांगली खाट द्या. पुढे कधी त्यांनाच वाटलं तर खाट दाराच्या आत, दार सताड उघडं, इथपासून सुरुवात होईल, पण तो निर्णय त्यांचा.

पहाटेच्या स्वप्नांवर मात्र काहीतरी करता येतं आणि त्यात फारसं बोलावं लागत नाही. इमेजरी रिहर्सल म्हणतात. २००१ मधे अमेरिकेत लैंगिक अत्याचारातून वाचलेल्या १६८ स्त्रियांवर त्याचा अभ्यास झाला, दुःस्वप्नं कमी झाली आणि झोप सुधारली. करायचं असं की दिवसाउजेडी, पोटभर जेवल्यावर, पडणाऱ्या स्वप्नांपैकी जरा सौम्य असलेलं एक घ्यायचं (बहीण किंवा आजी असलेलं नको) आणि त्याचा शेवट हवा तसा बदलायचा. भिंत हलली, पण मी दार उघडून अंगणात आलो, बैल सोडले, उजाडलं. हे बदललेलं स्वप्न डोळ्यांपुढे रोज दहा-पंधरा मिनिटं आणायचं. लिहिता येत नसेल तर मनात. नातवाला गोष्ट म्हणून सांगितलं तरी चालेल. काही आठवडे लागतात. त्रास वाढला तर थांबवा.

"मानसिक" हा शब्द काढला की ते येणार नाहीत, तर झोप आणि बीपीसाठी म्हणून न्या, जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभाग असतो. सर्ट्रालिन आणि पॅरॉक्सिटीन ही औषधं पीटीएसडीसाठी वापरली जातात, या वयात डोस डॉक्टरनेच ठरवायचा. मेडिकलमधून परस्पर झोपेच्या गोळ्या आणू नका, ट्रॉमावर त्या गोळ्यांचा उपयोग नाही आणि म्हाताऱ्या माणसाला पडायची भीती.

गावात भजनी मंडळ असेल आणि वडिलांना आवड असेल तर पाठवा हो. उपचार म्हणून नाही, पण चार माणसांत टाळ धरून एका ठेक्यात गाणं, लांब श्वास सोडणं, हे अंगाला सैल करतं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवां यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्या वाचल्या की कळतं, सासर, मारझोड, मेलेलं लेकरू, जे बाई घरात कुणाला सांगू शकत नव्हती ते ती जात्यापाशी गात होती. आपल्या माणसांनी ही वाट फार आधी शोधली होती. आणि या वर्षी विसर्जनाच्या दिवशी त्यांना जेवायचा आग्रह करू नका, त्यांच्या शेजारी ओसरीत बसा, बहिणीचं नाव घ्या. बहुतेक घरात ते नाव कुणी घेत नसेल.

प्रश्न : ताई, इन्स्टावर "तीन दिवसांत ट्रॉमा रिलीज" असं शिबिर बघितलं, लोणावळ्याजवळ, फी २५ हजार. टॅपिंग, इनर चाइल्ड, पूर्वजन्म असं सगळं आहे. जाऊ का? खरं-खोटं कसं ओळखायचं? (ठाणे)

या शिबिराला नको. तीन दिवसांची गॅरंटी देणारा माणूस तुमच्याबद्दल काहीही न विचारता ती देतोय, इथेच कळतं.

एकेक बघू. टॅपिंग म्हणजे चेहऱ्यावर-हातावर ठरावीक जागी बोटांनी टकटक करत त्रासाचा विचार करणं. काही छोट्या अभ्यासांत फायदा दिसलाय, ऊर्जेच्या वाहिन्या वगैरे सिद्ध झालेलं नाही, घरी शांत व्हायला करत असाल तर करा, त्याला हजारो रुपये लागत नाहीत. पूर्वजन्म आणि "दडपलेल्या आठवणी बाहेर काढणं" यापासून मात्र लांब राहा. १९९५ मधे एलिझाबेथ लॉफ्टस या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २४ जणांना त्यांच्या लहानपणच्या खऱ्या गोष्टींत एक खोटी मिसळून दिली, की तू मॉलमधे हरवला होतास, आणि साधारण पाव लोकांना ती अर्धीमुर्धी किंवा पूर्ण आठवायलाच लागली. डोळे मिटून, गुंगीत, एवढ्या विश्वासाने बसलेल्या माणसाच्या मनात काय काय घालता येईल, आणि मग त्या आठवणीवरून घरं फुटतात.

सोमॅटिक एक्स्पिरियन्सिंग हेही नाव कानावर आलं असेल, शरीरातल्या जाणिवांकडे लक्ष देत ट्रॉमावर काम करायची पीटर लेव्हिन यांची पद्धत. पुरावे अजून थोडे आहेत पण काम हळू आणि जपून करतात, शिकायला काही वर्षं लागतात, वीकेंडला शिकून आलेला माणूस ते करत नसतो. आणि रील्समधे एमडीएमए या नशेच्या गोळीने ट्रॉमा बरा होतो म्हणतात, त्याला अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) ऑगस्ट २०२४ मधे मंजुरी नाकारली आणि आपल्याकडे ती बाळगणंच गुन्हा आहे.

कुणाकडेही जाण्याआधी फोनवर विचारा. शिक्षण काय, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असाल तर आरसीआयचा (रिहॅबिलिटेशन काउन्सिल ऑफ इंडिया) नोंदणी नंबर काय, ही पद्धत कुठे शिकलात आणि अजून कुणाच्या देखरेखीखाली काम करता का. मधेच थांबा म्हटलं तर थांबता का. अंगाला हात लावणार असाल तर आधी विचारता का. रात्री त्रास झाला तर कुणाला फोन करायचा. या प्रश्नांचा राग आला, किंवा "तुमचा इगो आडवा येतोय", "तुम्हाला बरं व्हायचंच नाहीये" असं ऐकायला मिळालं तर फोन ठेवा. पन्नास अनोळखी लोकांत लाइट बंद करून मोठ्याने रडायला लावलं की त्या रात्री हलकं वाटतं, पण सोमवारी घरी आल्यावर जे वर येतं ते सांभाळायला त्यातलं कुणी नसतं, अशी माणसं आमच्याकडे येतात म्हणून पोटतिडकीने सांगतेय.

चांगला माणूस मिळाला आणि काम सुरू केलंत तर एक साधी गोष्ट पाळा. सेशननंतर लगेच गाडी चालवू नका, अर्धा तास तिथेच बसा, चहा प्या, काहीतरी खा. त्या दिवशी पाहुणे नकोत, मोठे निर्णय नकोत. पहिली एक-दोन रात्री स्वप्नं जास्त पडू शकतात, पडली तर पुढच्या वेळी थेरपिस्टला नक्की सांगा, त्यावरून ते वेग कमी करतात.